आर्लिसची चाकं

ऑरिन ल्युंडने माझ्या दुकानात येऊन पिकअपला लहान चाकं बसवून मागितली, तेव्हा कॉफीच्या टेबलावर फासे खुळखुळायचे थांबले.

आमच्या गावात टायरच्या दुकानात सकाळी टायर घ्यायला कमी आणि कॉफी ढोसायला जास्त माणसं येतात. हे खूळ माझ्या नवऱ्याचं. तो गेला तेव्हा दुकान माझ्या गळ्यात पडलं आणि त्याबरोबर हे टेबलही. चामड्याच्या पेल्यात फासे हलवायचे, हरेल त्याने सगळ्यांना कॉफी पाजायची आणि तोवर अख्ख्या पंचक्रोशीची उणीदुणी काढायची. त्या दिवशी गिऱ्हाईक आयतंच चालून आलं होतं.

"लहान म्हणजे किती?" मी विचारलं.

"सतरा इंची."

"बावीसवरून सतरा?" डेल्मरने पेला खाली ठेवला. डेल्मर सरकारी ग्रेडर चालवतो. रस्ते सपाट ठेवणं हे त्याचं काम. आमचे रस्ते काही सपाट नसतात, पण त्याला ते तोंडावर बोललेलं खपत नाही. "अरे बाबा, कुणी चोरली का काय ती चकचकीत चाकं? का आता भांग पाडायला चाकाचा आरसा लागत नाही तुला?"

सगळे हसले. ऑरिनही हसल्यासारखं करून म्हणाला, "डिझेल फार खाते गाडी. म्हटलं, बघू बदलून."

थापा मारणं ऑरिनला जन्मात जमलं नाही. कान लाल होतात त्याचे. मी त्याला म्हटलं, "चल बाहेर, गाडी बघू दे मला," आणि दार ओढून घेतलं.

त्या चाकांची गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती. ऑरिन आणि आर्लिस यांनी उभा जन्म चिखलाने माखलेल्या, पत्रा सडलेल्या पिकअप वापरल्या. मागे गवताच्या गासड्या, पुढे दोघांच्या मधे एखादं गारठलेलं वासरू. मग गुरं पुतण्याच्या हवाली केली आणि पहिल्यांदा कोरी गाडी घेतली. साधीच घेणार होते. पण शोरूममध्ये आर्लिस त्या बावीस इंची चकचकीत चाकांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "एकदा तरी आपल्याकडे काहीतरी चमकणारं असू दे." ऑरिनने पुढे एक शब्द विचारला नाही. तेव्हापासून दर शनिवारी आर्लिस जुना टॉवेल घेऊन ती चाकं पुसायची. चर्चमध्ये जाताना मोन्टानाच्या या कोपऱ्यात आमच्या सगळ्यांच्या गाड्या तांबड्या धुळीने भरलेल्या, आणि यांची चाकं लखलखीत. मी तिला चिडवायची, "आर्लिस, पाद्रीबुवांचं लक्ष उडतं गं प्रवचनातून." ती लाजून हसायची. तिला अशी लाजताना बघून मला बरं वाटायचं.

बाहेर आल्यावर ऑरिन चाकाकडे बघत म्हणाला, "तिला दुखतं, थेल्मा."

आर्लिसचा आजार हाडांत उतरला होता, हे मला ठाऊक होतं. मणक्यालाही चीर गेली होती. दर गुरुवारी तिला शहरातल्या दवाखान्यात सलाइन लावायला न्यावं लागे. तिथे जायचं म्हणजे आधी त्यांच्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतची ती तांबड्या खडीची वाट, सगळी पन्हळी पत्र्यासारखी उंचसखल.

"ती बोलली तसं?"

"ती कसली बोलतेय! पण खडीचा रस्ता लागला की वरची मूठ धरते आणि गुणगुणायला लागते. चर्चमधली गाणी. जितका रस्ता वाईट तितका आवाज मोठा. आता दोन गुरुवार गेलीच नाही. एकदा म्हणे सर्दी झालीय, एकदा म्हणे सफरचंदाचे पाई भाजायचे आहेत. रोंडा म्हणते, आई रस्त्याने येऊ शकत नसेल तर इकडेच राहायला या. दवाखान्याच्या मागेच फ्लॅट बघून ठेवलाय तिने."

रोंडा त्यांची मुलगी, दवाखान्याच्याच शहरात, बिलिंग्जला असते. चांगली पोरगी आहे, पण घाई फार.

"मग जाणार तुम्ही?"

"तिथल्या खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते, थेल्मा. नुसती गाड्या लावायची जागा. आजाराच्या आधी त्या फ्लॅटनेच मरेल ती." त्याचा आवाज फुटला आणि तो खोकल्याचं निमित्त करून बाजूला वळला.

या माणसाला मी पन्नास वर्षं ओळखते. बापाच्या अंत्यविधीलाही मी त्याचा आवाज फुटलेला ऐकला नव्हता.

त्याचं डोकं मात्र बरोबर चाललं होतं. बावीस इंची चाक म्हणजे लोखंड जास्त आणि रबर कमी. रिमच्या कडेला रबराची बोटभर पट्टी, बाकी सगळा दणका थेट पाठीत. रिम लहान केला की तेवढीच जागा रबराला मिळते. गाडीची उंची होती तेवढीच राहते, पण रस्ता आणि माणूस यांच्यामध्ये गादी येते. फक्त एवढंच बघायचं, की लहान रिमच्या आत गाडीचे ब्रेक मावतात की नाही. मी चाक काढून एक सतरा इंची रिम लावून बघितला. बोट जाईल एवढी फट राहिली. मला पुरेशी होती.

"बसेल," मी म्हटलं. "आर्लिसला सांगितलंस?"

"वेडी आहेस का? चाकं तिने पसंत केली होती. तिला वाटेल, आपल्याच हौसेने आपली पाठ मोडली. मी डिझेलचंच सांगणार. तूही बोलायचं नाहीस. शपथ घे."

"माझ्या तोंडाला कुलूप लावायला निघालास? कॉफीच्या टेबलाची मालकीण मी."

"थेल्मा."

"बरं, बाबा. नाही बोलत."

माल यायला थोडे दिवस लागले. खडी धारदार, म्हणून दहा थरांचे जाड टायर घेतले. बसवायच्या आधी ऑरिनने गाडीतून आइस्क्रीमची रिकामी प्लॅस्टिकची बादली आणली. आमच्याकडे ही बादली कुणी टाकून देत नाही. तिच्यात सूप जातं, खिळे जातात, कोंबड्यांचं खाणं जातं. ती त्याने माझ्या नळाखाली काठोकाठ भरली आणि बायकोच्या जागेवर ठेवून तिला पट्टा लावला. जुन्या चाकांवर तो त्या खडीच्या रस्त्याने एक फेरी मारून आला. सीट भिजलेली, पायाखाली तळं, बादलीत तळाशी चूळभर पाणी.

मग मी नवी चाकं चढवली आणि प्रत्येकात मोजून अडतीस पौंड हवा भरली. पुन्हा बादली भरली, पुन्हा फेरी. तो परत आला तो गाडी बंद न करताच खाली उतरला. बादली दोन्ही हातांनी धरून त्याने माझ्यापुढे केली. वरचं चार बोटं पाणी सांडलं होतं, बाकी होतं तसं होतं.

"बघ," तो म्हणाला आणि बाहीने डोळे पुसले. मलाही डोळे पुसायला माझा तेलकट हातच सापडला.

जुनी चाकं मी मागच्या खोलीत ठेवली. "विकायची नाहीत हं," तो दोनदा म्हणाला. "आर्लिस बरी झाली की परत चढवू." मी मान हलवली. "आणि तूही ऐक," मी म्हटलं, "हवा आहे तेवढीच ठेव. ट्रेलर ओढणार नाहीस, गुरं नेणार नाहीस. हात लावू नकोस."

पण तो कॉफी घ्यायला आत शिरला आणि डेल्मरने खिडकीतून गाडी बघितली.

"हे काय रे ऑरिन? टायरांचं पोट सुटलंय. चालत चालत बसतील खाली."

"डेल्मरच्या बंद पडलेल्या ग्रेडरच्या टायरातसुद्धा याहून जास्त हवा असते," दुसरा कुणीतरी म्हणाला.

"थेल्माच्या कॉम्प्रेसरने दम टाकला वाटतं."

मी म्हटलं, "डेल्मर, तू रस्ता नीट केला असतास तर ही वेळ आली नसती," आणि त्यावर आणखी हशा झाला. ऑरिन खाली मान घालून कॉफी ढवळत राहिला. तो कॉफीत साखर घालत नाही. माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

गुरुवारी दुपारी डेल्मरनेच बातमी आणली. ल्युंडांची गाडी गुरांच्या जाळीपर्यंत गेली आणि तिथूनच परत फिरली. गुरांनी कुंपणाबाहेर जाऊ नये म्हणून आमच्याकडे रस्त्यात आडवे लोखंडी पाइप टाकलेले असतात, तीच ही जाळी. "मी बोट वर केलं, तर ऑरिनने उलट बोटही उचललं नाही," डेल्मर म्हणाला. आमच्याकडे समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचंच. घरात मयत झालेलं असलं तरी माणूस ते विसरत नाही.

संध्याकाळी रोंडाचा मला फोन आला. रविवारी ती खोके घेऊन येणार होती. आई स्वतःहून हो म्हणाली, असं सांगताना ती रडत होती, आणि तिचं तिलाच कळत नव्हतं की सुटका झाली म्हणून की वाईट वाटलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी पिठाच्या गोळ्यांचं सूप केलं, आइस्क्रीमच्या बादलीत भरलं आणि त्यांच्याकडे गेले. आर्लिस स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून वर्तमानपत्रात कपबश्या गुंडाळत होती. पाठीमागे दोन उशा. इतकी वाळली होती की अंगातला स्वेटर खुर्चीलाच घातल्यासारखा दिसत होता.

"कॉफी घेशील?" तिने विचारलं.

"मी करते. तू बस."

"सगळे मला बस म्हणतात," ती म्हणाली. तिने आणखी एक बशी गुंडाळली. "थेल्मा, त्याने माझी चाकं काढली."

मी किटलीत पाणी भरत राहिले.

"डिझेलचं कारण सांगतो मला. मूर्ख समजतो का? ती चाकं माझ्यासाठी होती. आता मी फार दिवस गाडीत बसणार नाही, मग कशाला हवीत, असाच हिशेब ना? विकलीही असतील. मी अजून इथे बसलेय आणि माझ्या वस्तू जायला लागल्या. म्हणून म्हटलं रोंडाला, ये बाई, घेऊन जा. इथे राहून काय बघायचं?"

शपथ घेतलेली होती. पण शपथा पाळायला मी काही पाद्री नाही.

"आर्लिस, गाढव आहात तुम्ही दोघंही," मी म्हटलं आणि किटली आपटून सगळं सांगून टाकलं. गुणगुणणं, फ्लॅटची खिडकी, पट्टा लावलेली बादली, त्याचा फुटलेला आवाज. काही शिल्लक ठेवलं नाही.

तिने हातातली बशी खाली ठेवली. "बादलीला पट्टा लावला?"

"तुझ्या जागेवर बसवून."

ती हसली, आणि हसता हसताच तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मग भडकली. "आणि मला एकदा विचारता येत नाही, दुखतंय का म्हणून? पन्नास वर्षं एका पांघरुणात झोपलो आम्ही!"

"तुला तरी सांगता आलं?"

"चाकं मी निवडली होती. कोणत्या तोंडाने सांगू? पण थेल्मा, या नव्या चाकांनी काही फरक नाही पडला. काल जाळीवरून गेलो ना, मला वाटलं, आता संपलं. ओरडू नये म्हणून मी ओठ चावला. रक्त आलं."

मला ते पटेना. मी बादलीतलं पाणी या डोळ्यांनी बघितलं होतं. मी तशीच अंगणात गेले आणि पिकअपच्या टायरला लाथ मारली. दगडाला मारल्यासारखी लागली. खिशातला मीटर काढून वॉल्व्हला लावला. पंचाहत्तर पौंड.

"ऑरिन!" मी अशी ओरडले की कोंबड्या उडाल्या.

तो गोठ्यातून बाहेर आला. मी मीटर त्याच्या नाकासमोर धरला.

"बसल्यासारखे दिसत होते गं टायर," तो हळूच म्हणाला. "बाबा म्हणायचे, टायर कसा टणक पाहिजे. जन्मभर तसेच ठेवले. आणि ते सगळे हसले... म्हटलं, दवाखान्याच्या वाटेवर कुणी थांबवून हवा भर म्हणायला नको."

आमच्याकडचा प्रत्येक पुरुष असाच आहे. कायम गासड्या आणि गुरं वाहून नेलेली. मऊ टायर दिसला की त्यांना आपलीच पँट सुटल्यासारखं होतं. नरम केलेल्या गादीत त्याने स्वतःच्या हाताने दगड भरले होते. मी त्याला शिव्या घालायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात मागे दार वाजलं.

आर्लिस आली होती. अंगात कोट, एका हातात काठी, दुसऱ्या हातात माझी सुपाची बादली, रिकामी केलेली. तिने पुढच्या चाकापाशी बादली पालथी घातली आणि काठीवर भार टाकत तिच्यावर बसली. ऑरिन धावला, तर तिने काठी आडवी धरली.

"तिथेच थांब. आधी ऐक. मला दुखतं, ऑरिन. बसताना दुखतं, उठताना दुखतं. काल जाळीवर इतकं दुखलं की देवाला म्हटलं, आत्ताच ने. कळलं?"

"कळलं," तो म्हणाला. एवढा उंच माणूस, पण तो तिच्यासमोर खडीतच गुडघ्यावर बसला. "मला वाटलं, तू बोलत नाहीस म्हणजे..."

"मलाही वाटलं, तू बोलत नाहीस म्हणजे..." तिने वॉल्व्हचं टोपण काढून त्याच्या हातात दिलं. "आता हे कसं करायचं ते दाखव."

त्याने तिच्या हातात चावी दिली आणि तिच्या बोटांवर आपली बोटं ठेवून ती वॉल्व्हच्या पिनेवर दाबली. हवा फुसफुसत सुटली. ती आवाज ऐकत मान हलवत होती. पहिलं चाक तिने केलं, बाकीची तीन त्याने, आणि मी मीटर घेऊन मागे मागे. अडतीसवर थांबायला सांगितलं, तर आर्लिस म्हणाली, "अजून थोडी." आम्ही चौतीसवर थांबलो. टायरांची पोटं चांगली सुटली.

"चला," ती म्हणाली. "आत्ताच बघू."

मी मागच्या सीटवर बसले. ऑरिन गाडी अशी चालवत होता, जणू गाडीत अंडी भरली आहेत. तांबडी खडी लागली. आर्लिसने वरची मूठ धरली, पण गुणगुणली नाही.

"दुखतंय?" त्याने विचारलं.

"थोडं."

थोडं पुढे गेल्यावर, "आता?"

"थोडं. सारखं विचारू नकोस."

"आता?"

"ऑरिन!"

जाळी आली. त्याने गाडी जवळजवळ उभीच केली आणि पाइपांवर हळू घातली. मी तिच्या मानेकडे बघत होते. पुढची चाकं गेली, मागची गेली. तिने मूठ सोडली आणि हात मांडीवर ठेवला.

"पेलण्यासारखं आहे," ती म्हणाली. "वळवू नकोस. थेल्माकडे चल. आज मी फासे टाकणार."

दुकानात डेल्मर आणि मंडळी होतीच. आर्लिस दारात दिसली तशी सगळी उठून उभी राहिली. उठता उठता डेल्मरची कॉफी सांडली. तिने त्यांच्याकडे बघितलंही नाही. थेट मागच्या खोलीत गेली. तिथे चारही चाकं भिंतीला टेकवून ठेवलेली, मी वर चादर घातलेली. तिने चादर ओढली.

"विकली नाहीत?"

"त्याने विकू दिली नाहीत," मी म्हटलं. "तू बरी झालीस की परत चढवायची होती."

तिने बाहीने एका चाकावरची धूळ पुसली. त्यात तिचा चेहरा दिसला, तो ती बघत राहिली. मग वळून शांतपणे म्हणाली, "मी बरी होणार नाही, ऑरिन."

त्याने मान खाली घातली. टेबलावरची मंडळी दारात येऊन ऐकत होती. असं कुणी आमच्या गावात मोठ्याने म्हणत नाही.

"तीन विकून टाक, थेल्मा. हे एक मला हवंय. आमच्या दक्षिणेच्या भिंतीवर ठोकायचं, बागेचा पाइप गुंडाळून ठेवायला. गेल्या उन्हाळ्यात टोमॅटोला पाणी घालताना सारखा तो पाइप उचलायला खाली वाकावं लागत होतं." ती ऑरिनकडे बघत बोलत होती. "रोंडाला कळव, रविवारी ये, पण खोके नको आणू. केक आण म्हणावं."

डेल्मरने घसा साफ केला. "बोल्ट आहेत माझ्याकडे, लांब. मी येतो ठोकायला." आणि म्हणाला, "गुरुवारी किती वाजता निघता तुम्ही? त्याच्या आधी त्या रस्त्यावर ग्रेडर फिरवीन म्हणतो."

"कधी नव्हे ते," मी म्हटलं, पण कुणी हसलं नाही.

"किती उंचीवर ठोकायचं?" डेल्मरने विचारलं.

आर्लिसने काठी भिंतीला टेकवली, ताठ उभी राहिली आणि कमरेच्या थोडा वर हात धरला. "इथे," ती म्हणाली. "मला वाकावं लागू नये."

ऑरिनने खिशातली टेप काढली, तिच्या शेजारी गुडघ्यावर बसला आणि तिच्या हातापासून जमिनीपर्यंत माप घेतलं.